आल्यातले पाणी कोण आटवणार? सूपच्या वडीमागची साखळी आणि पिरियापट्टणचे ओले पीक

पिरियापट्टण (म्हैसूर) : पिरियापट्टण तालुक्यातून बाजारपेठेकडे निघालेल्या आल्याच्या ट्रकमध्ये दहा टन माल असेल, तर त्यातील सुमारे आठ टन पाणी असते. या पाण्याचे भाडे भरले जाते, हमाली दिली जाते आणि त्याच पाण्यामुळे माल कुजण्याची भीतीही वाहून न्यावी लागते. तयार सूपची पाकिटे आणि स्टॉकच्या वड्या बनविणाऱ्या कारखान्याला मात्र या पाण्याचा काहीही उपयोग नसतो. त्याला हवी असते ती कोरडी, एकसारख्या रंगाची, वर्षभर टिकणारी आल्याची भुकटी. ओल्या आल्याचा भाव त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो. भुकटीचा व्यवहार बहुधा कराराने होतो. या दोन दरांमधील अंतर म्हणजे पाणी काढून टाकण्याची मजुरी, आणि ती मजुरी ज्याच्याकडे वाळवण्याची सोय आहे त्याच्या पदरात पडते.

म्हैसूरहून कोडगूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेला हा तालुका तंबाखू, मका आणि आले या तीन पिकांसाठी ओळखला जातो. यांपैकी मका आणि आले ही दोन पिके सूपच्या पाकिटात जाणारी आहेत, तर तिसऱ्या पिकाला पर्याय शोधण्याची चर्चा दोन दशकांपासून सुरू आहे. त्यामुळे पाकीटबंद सूपच्या बाजारपेठेचा प्रश्न येथे केवळ ग्राहकांच्या आवडीनिवडीपुरता उरत नाही.

स्टॉक म्हणजे काय

हाडे, मांस, भाज्या आणि मसाले मंद आचेवर तासन्‌तास उकळून, गाळून घेतलेले पाणी म्हणजे स्टॉक. महाराष्ट्रातील पायाचे सूप किंवा कडधान्यांचे कढण याच जातीचे. हे पाणी स्वतंत्र पदार्थ नसून सूप, रस्सा, पुलाव आणि नूडल्स यांचा पाया असते. घरी ते करायचे तर वेळ आणि इंधन दोन्ही लागतात. उद्योगाने हा वेळ आणि हे इंधन एका वडीत कोंबले. गरम पाण्यात वडी विरघळली की दोन मिनिटांत स्टॉक तयार होतो.

भारतात या उत्पादनांचे तीन प्रकार दिसतात. पहिला, घरगुती ग्राहकांसाठीची सूपची पाकिटे. त्यांत स्टॉकबरोबर घट्टपणासाठी मक्याचे पीठ आणि भाज्यांचे सुके तुकडे असतात. दुसरा, स्टॉकच्या वड्या. तिसरा, हॉटेले, खानावळी आणि केटरिंग व्यावसायिकांसाठीची मोठ्या पाकिटांतील भुकटी. भारतीय घरात चवीचा पाया फोडणी आणि वाटण यांतून घातला जातो, त्यामुळे वडीला घरगुती स्वयंपाकघरात युरोप किंवा पश्चिम आफ्रिकेइतके स्थान मिळालेले नाही. चायनीज पदार्थ विकणाऱ्या गाड्या आणि हॉटेले यांनी मात्र तिसऱ्या प्रकाराला मोठी मागणी निर्माण केली.

या व्यवसायात हिंदुस्थान युनिलिव्हरचा नॉर, नेस्लेचा मॅगी आणि कॅपिटल फूड्सचा चिंग्ज सीक्रेट ही नावे परिचित आहेत. नॉर हे नाव युनिलिव्हरकडे आले ते २००० मध्ये बेस्टफूड्स या अमेरिकी कंपनीच्या खरेदीतून. कॅपिटल फूड्स ५,१०० कोटी रुपयांच्या मूल्यांकनावर ताब्यात घेण्याचा करार टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केला. या कंपन्यांपैकी कोणीही स्वतः आले पिकवत नाही. त्या सुका माल विकत घेतात, मिसळतात, पाकिटात भरतात आणि देशभरातील दुकानांपर्यंत पोहोचवतात.

उरुग्वेचा धडा

पाणी काढून टाकण्यातूनच हा उद्योग जन्माला आला. एकोणिसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेत गुरे मुख्यतः कातड्यांसाठी मारली जात. मांसाला स्थानिक गिऱ्हाईक नव्हते आणि शीतगृहांअभावी ते युरोपला पाठविता येत नव्हते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या पद्धतीवर आधारलेली कंपनी १८६५ मध्ये स्थापन झाली आणि उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे मांसाचा दाट अर्क तयार होऊ लागला. सुमारे तीस किलो मांसापासून एक किलो अर्क निघे. जागेवर मातीमोल असलेले मांस अर्क झाल्यावर महासागर ओलांडून लंडनच्या दुकानांत पोहोचले.

जर्मनीत १८३८ मध्ये सुरू झालेल्या नॉरच्या व्यवसायाने पुढे वाळलेल्या भाज्या आणि डाळींच्या पिठांची सूपे बाजारात आणली. स्वित्झर्लंडमध्ये युलियुस मॅगी यांनी १८८० च्या दशकात कारखान्यातील कामगार कुटुंबांसाठी डाळींच्या पिठाचे झटपट सूप तयार केले. वडी आली ती १९०८ मध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या स्टॉकमधील चव ग्लुटामेटमुळे येते, हे शोधून काढले. त्यानंतर मांसाची चव आणण्यासाठी मांसच लागते, ही अट उरली नाही.

या इतिहासात एक गोष्ट कायम राहिली. गुरे पाळणाऱ्यापेक्षा अर्क काढणारा श्रीमंत झाला. कच्चा माल मुबलक असलेल्या ठिकाणी तो आटविण्याची सोय ज्याने उभी केली, त्याने दर ठरविला.

पाकिटात काय असते

भारतीय नियमांनुसार पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. स्टॉकच्या वडीवरील यादी वाचली, तर पहिले नाव बहुधा मिठाचे असते. अनेक वड्यांत निम्म्याच्या आसपास वजन मिठाचेच असते. त्यामागोमाग पाम तेल किंवा अन्य स्निग्ध पदार्थ, साखर, स्टार्च, चववर्धके आणि भाजीपाल्यातील प्रथिनांपासून बनविलेले अर्क येतात. कांदा, लसूण, आले, हळद, मिरी यांच्या भुकट्या त्यानंतर. मांस असलेच, तर ते शेवटाकडे.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने १९८१ मध्ये स्टॉकसाठी जे मानक ठरविले, तेही याच चित्राला दुजोरा देते. तयार बीफ स्टॉकच्या एका लिटरमध्ये मांसाचा अर्क किमान ०.६७ ग्रॅम असावा आणि मीठ कमाल १२.५ ग्रॅम असावे, असे ते सांगते. म्हणजे मिठाची कमाल मर्यादा अर्काच्या किमान मर्यादेच्या जवळपास एकोणीस पट आहे.

या यादीतील बहुतेक नावांमागे भारताचा एखादा जिल्हा आहे. देशातील मिठाचा तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा गुजरातचा. लसूण मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमचच्या पट्ट्यातून येते, हळद सांगली, इरोड आणि निजामाबादच्या बाजारांतून, मिरी कोडगू आणि केरळमधून. मक्याच्या स्टार्चचा कच्चा माल कर्नाटकासह अनेक राज्ये पुरवितात. त्यासाठी आता कोंबडीखाद्य आणि इथेनॉल या दोन मोठ्या ग्राहकांशी स्पर्धा करावी लागते. पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून आयात होते.

पाण्याचा हिशेब

साधारण पाच किलो ओल्या आल्यापासून एक किलो सुंठ मिळते. कांद्याच्या बाबतीत एक किलो सुक्या कापांसाठी आठ ते दहा किलो कांदा लागतो. या एका प्रमाणावर संपूर्ण साखळीचे अर्थकारण उभे आहे.

ओल्या आल्याचा भाव किलोला २० रुपये असेल, तर एक किलो सुंठीत शंभर रुपयांचा कच्चा माल गेला. भाव १०० रुपये झाला, तर तोच खर्च पाचशे रुपये होतो. त्यावर धुणे, सोलणे, कापणे, इंधन, मजुरी आणि घट. म्हणजे आले महाग असताना वाळविणे परवडत नाही आणि ते स्वस्त असताना परवडते. शेतकऱ्याला आधाराची गरज नेमकी दुसऱ्या वेळी असते. वाळवण हा पडलेल्या भावावरचा विमा ठरू शकतो तो याच कारणाने.

गेल्या काही वर्षांत या विम्याची निकड प्रकर्षाने दिसली. २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आल्याचे भाव एवढे चढले, की किरकोळ बाजारात किलोला तीनशे रुपयांच्या आसपास पैसे मोजावे लागले आणि शेतांतून आल्याच्या चोऱ्या होऊ लागल्याने राखण बसवावी लागली. त्या भावाच्या ओढीने लागवड वाढली आणि पुढे दर घसरले. कर्नाटकातील या चढउतारांचे पडसाद महाराष्ट्रात सातारा आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील आले उत्पादकांपर्यंत पोहोचतात, कारण दोन्हीकडचा माल देशातील त्याच मोठ्या बाजारांत उतरतो.

तंबाखू वाळते, आले वाळत नाही

पिरियापट्टणला वाळवणाची कला नवी नाही. येथील शेतांमध्ये उभ्या असलेल्या उंच, विनाखिडक्यांच्या भट्ट्या व्हर्जिनिया तंबाखूच्या आहेत. लाकूड जाळून गरम केलेल्या नळ्यांच्या उष्णतेवर, धुराचा स्पर्श न होऊ देता, पाने काही दिवसांत सुकविली जातात. तापमान कधी वाढवायचे, ओल कधी बाहेर सोडायची, याचे सूक्ष्म ज्ञान येथील शेतकरी कुटुंबांत आहे.

या पिकामागे भक्कम व्यवस्थाही आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेले तंबाखू मंडळ दरवर्षी कर्नाटकातील उत्पादनाची मर्यादा ठरविते, शेतकरी आणि भट्ट्यांची नोंदणी करते आणि लिलाव घडवून आणते. दुसरीकडे, तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या करारावर भारताने २००४ मध्ये मान्यतेची मोहोर उमटविली. त्या कराराचा सतरावा अनुच्छेद तंबाखू उत्पादकांना परवडणारे पर्याय देण्याविषयी आहे. आले हा असा पर्याय म्हणून पुढे येतो खरा. पण त्याच्यामागे ना लिलावाची शाश्वती आहे, ना भट्टी.

तंबाखूच्या भट्टीतच आले वाळवावे, ही सूचना सहज सुचणारी असली तरी अमलात आणता येण्याजोगी नाही. निकोटीनचे अंश खाद्यपदार्थात उतरण्याचा धोका त्यात आहे. शिवाय जास्त उष्णतेने आल्यातील सुगंधी तेल उडून जाते. म्हणून ते साधारण साठ अंश सेल्सिअसच्या आत सुकविणे इष्ट मानले जाते. वाळताना आल्यातील जिंजेरॉल या घटकाचे काही प्रमाणात शोगाओलमध्ये रूपांतर होते. सुंठीचा तिखटपणा ओल्या आल्याहून निराळा लागतो, तो त्यामुळे.

अडचणीचे आणखी एक मूळ जमिनीत आहे. कंदकूज आणि मर या रोगांचे जंतू मातीत टिकून राहतात. त्यामुळे एकाच शेतात लागोपाठ आले घेता येत नाही. केरळमधून, विशेषतः वायनाडमधून आलेले अनेक शेतकरी म्हैसूर, कोडगू, हासन आणि शिवमोग्गा जिल्ह्यांत जमीन खंडाने घेतात, पीक काढतात आणि पुढच्या हंगामात दुसरे शेत शोधतात. ज्याचा मुक्काम एका हंगामाचा, तो तेथे वाळवणगृह बांधत नाही. जमीनमालकाला खंड आधीच मिळालेला असल्याने त्यालाही ते बांधण्याची घाई नसते. परिणामी आले उपटायचे, पाण्याच्या फवाऱ्याखाली धुवायचे, साठ किलोच्या गोणीत भरायचे आणि त्याच दिवशी रवाना करायचे, ही बहुतांश मालाची रीत होऊन बसली आहे.

वाळवण कुठे होते

कांद्याच्या बाबतीत देशाने हा प्रश्न दोन मार्गांनी सोडविला. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील महुवा येथे निर्जलीकरण कारखान्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. जळगावला जैन उद्योगसमूहाने पांढऱ्या कांद्याची करारशेती आणि निर्जलीकरण यांची सांगड घातली. प्रक्रियेसाठी पांढरा कांदाच लागतो, कारण त्यात घन पदार्थांचे प्रमाण जास्त असते आणि सुकल्यावर रंग पांढराशुभ्र राहतो. नाशिकचा लाल कांदा भाव पडल्यावर या कारखान्यांकडे सहजासहजी वळविता येत नाही, याचे एक कारण हेच. पाकिटात जाणारा माल शेतात बियाणे निवडतानाच ठरलेला असतो, ही बाब आल्यालाही लागू पडते.

दुसरा मार्ग मराठवाड्यात दिसतो. एसफोरएस टेक्नॉलॉजीज या महाराष्ट्रातील कंपनीने छत्रपती संभाजीनगर परिसरात ग्रामीण महिलांना सौर वाळवणयंत्रे उपलब्ध करून दिली. त्यांनी गावातच वाळविलेला कांदा, आले आणि अन्य भाजीपाला एकत्र करून, त्यावर पुढील प्रक्रिया करून कंपनी तो खाद्य उद्योगांना पुरविते. या प्रयोगाला २०२३ मध्ये कचरामुक्तीच्या गटात अर्थशॉट पारितोषिक मिळाले. येथे कच्चा माल कारखान्याकडे जाण्याऐवजी कारखान्याचा पहिला टप्पाच गावात आला. मोठ्या भांडवलाची गरज वाळविण्याला नसून निर्जंतुकीकरण, तपासणी आणि विक्रीला आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

पिरियापट्टणच्या बाबतीत ज्ञान दूर नाही. अन्न तंत्रज्ञानातील देशातील अग्रगण्य संस्था म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. ती १९५० पासून म्हैसूर शहरातील चेलुवांबा महालात आहे. सैन्यासाठी टिकाऊ शिधा विकसित करणारी संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळाही १९६१ मध्ये त्याच शहरात स्थापन झाली. अर्थसाहाय्याची वाटही आखलेली आहे. केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक प्रकल्पाला खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल दहा लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली.

कारखान्याच्या अटी

तरीही वाळविलेले आले म्हणजे विकलेले आले नव्हे. कारखाना भुकटी घेण्यापूर्वी ओलाव्याचे प्रमाण, तेलाचे प्रमाण, जीवाणूंची संख्या, कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू यांचे अहवाल मागतो. आले हे जमिनीखालचे पीक असल्याने मातीतील जीवाणू त्याच्या सालीबरोबर येतात. उघड्या अंगणात वाळविलेली सुंठ घरगुती काढ्याला चालते. मात्र कोमट पाण्यात ढवळून लगेच पिण्याच्या सूपमध्ये ती तशीच घालता येत नाही. त्यासाठी वाफेने निर्जंतुकीकरण करावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर यांनी काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुक वायूचे अंश आढळल्याचे सांगून कारवाई केली, तेव्हापासून या अहवालांचे महत्त्व अधिकच वाढले.

म्हणूनच एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेऊन हा प्रश्न सुटत नाही. ठरावीक वाणाची लागवड, सामाईक धुलाई आणि वाळवणगृह, एक तपासणी केंद्र आणि वर्षभराचा खरेदी करार या चार गोष्टी एकत्र आल्या, तरच शेतकरी उत्पादक कंपनीला कारखान्याशी बोलणी करता येतात. तंबाखूसाठी नोंदणी, प्रतवारी आणि लिलाव अशी शिस्त याच तालुक्यात उभी राहिली आहे. खाद्यपिकासाठी ती उभी राहू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

कर, मीठ आणि लेबल

ग्राहकाच्या बाजूने मागणीला चालना देणारा निर्णय २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. सूप आणि स्टॉक यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. ताज्या आल्यावर कर नाही. सुंठीवर तो ५ टक्के आहे. पूर्वी सुका माल आणि तयार पाकीट यांच्या करांत असलेली मोठी तफावत त्यामुळे संपली.

मागणी वाढेल त्याबरोबर मिठाचा प्रश्नही वाढेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. कोडेक्सची कमाल मर्यादा गाठणाऱ्या स्टॉकचे दोनशे मिलिलिटरचे एक वाटीभर सूप घेतले, तर त्यात अडीच ग्रॅम म्हणजे दिवसभराच्या मर्यादेच्या निम्मे मीठ पोटात जाते. मोनोसोडियम ग्लुटामेट घातलेले असल्यास तसे पाकिटावर नमूद करणे आणि ते बारा महिन्यांखालील बालकांसाठी योग्य नसल्याची सूचना छापणे भारतात बंधनकारक आहे. २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर आलेल्या बंदीच्या वेळी शिशाच्या प्रमाणाबरोबरच ग्लुटामेटविषयीचा लेबलवरील दावा वादाचा विषय ठरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १३ ऑगस्टला ती बंदी रद्द केली.

मीठ कमी करायचे, तर चव दुसरीकडून आणावी लागते. आले, लसूण, मिरी आणि कांदा यांचे प्रमाण वाढविणे हा त्यातील एक सरळ मार्ग आहे. म्हणजे आरोग्याच्या आग्रहातून निघणारी मागणी थेट पिरियापट्टणसारख्या तालुक्यांच्या पिकाकडे येते.

बैलकुप्पेचे पातेले

या साखळीचे दुसरे टोकही याच तालुक्यात पाहावयास मिळते. कुशालनगरजवळचे बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९६९ मध्ये दुसरी वसाहत झाली. जंगल साफ करून या कुटुंबांनी तेथे मका पिकविला. त्यांचा थुकपा म्हणजे शेवयांचे सूप हाडांच्या किंवा भाज्यांच्या ताज्या स्टॉकवर होतो. आले-लसूण त्यात त्याच दिवशी ठेचून पडते. तेथे पाणी काढून टाकण्याची गरज नाही, कारण शेत आणि पातेले यांत अंतर नाही.

शेत आणि ताट यांत शेकडो किलोमीटर आणि अनेक महिने येतात, तेव्हा मात्र कोणाला तरी हे पाणी आटवावेच लागते. ते काम गावात झाले, तर एका गोणीतील साठ किलो आल्याची बारा किलो सुंठ होऊन बाहेर जाईल आणि पडलेल्या भावात माल घाईने विकण्याची सक्ती उरणार नाही. ते बाहेर झाले, तर पिरियापट्टणच्या वाट्याला दहा टनांच्या ट्रकमधील आठ टन पाण्याचे भाडे आणि त्या दिवशीचा भाव एवढेच येत राहील. सूपच्या पाकिटावर घटकांच्या यादीत ‘आले भुकटी’ असे दोन शब्द छापलेले असतात. ते आले कोणत्या गावाने पिकविले आणि वाळविण्याची मजुरी कोणाला मिळाली, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.